क्राकूवमधला शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी ब्रनोत सापडेल तो म्हातारा, असं एनेको म्हणायचा. शेवटचा तास संपला की तो आमच्या वसतिगृहात दारं बडवत फिरे. "चला रे, बस सुटेल! आज्यांनी खुशाल मागे राहावं!" तो बास्क, उत्तरेच्या स्पॅनिश किनाऱ्यावरच्या बेर्मेओ नावाच्या मासेमारीच्या गावचा. आम्ही सगळे एका सत्रासाठी ब्रनोत शिकायला आलो होतो. अभ्यास हे त्याच्या लेखी निव्वळ निमित्त होतं. व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट त्यानं ऑक्टोबर संपायच्या आतच पालथी घातली. बरोबर कायम दोघं असायची. एक दुआर्ते, पोर्तुगालमधल्या ब्रागाचा, तोंडाचा फटकळ. दुसरी मारेट, एस्टोनियाची. तिला बोलतं करायला कष्ट पडत. कधीमधी मीही जायचे. क्राकूवला गेले नाही, कारण सोमवारी माझी परीक्षा होती. तेव्हा सांगतेय त्यातलं बरंचसं मारेटकडून ऐकलेलं आहे.

नोव्हेंबर होता. बसमध्ये एनेको खिडकीला डोकं टेकून गप्प बसला होता. हे एरवी होत नसे, पण दोघांना वाटलं, दमला असेल. शनिवारी सकाळी हॉस्टेलच्या खोलीत दुआर्ते बूट चढवून तयार, आणि एनेको अजून पांघरुणात.

"उठ की रे. राजवाडा काय तुझ्या उशाशी चालत येणारे?"

"डोकं फुटतंय."

"काल ढोसताना बरं फुटलं नाही!"

"एकच तर घेतली मी."

"एकीत आडवा? बास्क लोकांची अब्रू घालवलीस."

मारेटनं त्याच्या कपाळाला हात लावला. "चांगलाच ताप आहे याला."

ती खाली जाऊन औषधांच्या दुकानातून तापाच्या गोळ्या घेऊन आली. त्यानं एक गिळली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी थांबते," ती म्हणाली.

"थांबून काय करणार? माझ्या तोंडाकडे बघत बसणार दिवसभर? मला एक आई आहे, तेवढी पुरे. जा गं, झोपू दे मला."

दोघं गेली. बाहेर धुकं होतं. राजवाड्यापुढची रांग नदीच्या बाजूला उतरत गेली होती. दुआर्तेनं रस्त्यावरच्या गाडीवरून तीळ लावलेली पावाची कडी घेतली, अर्धी मोडून मारेटला दिली. तिनं एनेकोला फोन लावला.

"झोपलोय," तो म्हणाला. "मान आखडलीये नुसती. आणि तो पडदा लावून जायचा होता ना, उजेड डोळ्यांत घुसतोय."

"आम्ही येऊ का?"

"नको."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, त्या खोलीची खिडकी अरुंद बोळात उघडते. तिथं उजेड असा नव्हताच. तिनं थोड्या वेळानं परत लावला, तो वाजत राहिला. मग पुन्हा.

"झोपलाय तो," दुआर्ते म्हणाला. "तू अशीच फोन करत राहिलीस तर त्याला खरंच डोकेदुखी होईल."

"मी जाते."

"अगं, दार दिसायला लागलंय आता! तो काय कुकुलं बाळ आहे?"

"तू बघून ये. मी जाते."

ती सुरुवातीला चालत निघाली. हॉस्टेलकडचा पूल दिसल्यावर का कोण जाणे, धावायला लागली.

एनेको खाटेवरून अर्धा खाली लोंबकळत होता. खोलीत ओकारीचा वास होता. तिनं नावानं हाक मारली तर तो बास्कमध्ये काहीतरी बोलला, कुणा दुसऱ्याशीच. पांघरूण बाजूला केलं तेव्हा त्याच्या पिंढऱ्यांवर जांभळे ठिपके दिसले, शाई सांडल्यासारखे. तिनं बोटानं दाबून पाहिलं. ते फिके पडेनात. ती जिन्यात येऊन ओरडली. कोणत्या भाषेत ओरडली ते तिला अजून आठवत नाही. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीनं वर येऊन एकदाच पाहिलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

इस्पितळात डॉक्टर बाईंनी मारेटला बाकावर बसवून सावकाश सांगितलं. मेंदूच्या आवरणाला जंतूंची लागण झालीय, आणि ते रक्तातही पसरलेत. "त्याच्या घरच्यांना कळवा. आत्ताच."

मारेटला स्पॅनिश येत नव्हतं आणि एनेकोच्या आईला स्पॅनिश नि बास्क सोडून दुसरं काही येत नव्हतं. तोवर दुआर्ते धापा टाकत पोचला होता. त्याला स्पॅनिश यायचं. मारेटनं फोन त्याच्या हातात दिला.

"मी काय सांगू तिला?" त्यानं विचारलं.

"आहे ते सांग."

तो खिडकीकडे तोंड करून बोलला. पलीकडून आवाज इतका मोठा आला की मारेटला बाकावरून ऐकू गेला.

एनेकोची आई इत्झियार दुसऱ्या दिवशी आली. माशांच्या कारखान्यात काम करणारी रुंद खांद्यांची बाई, अंगावर कारखान्याचंच जाकीट. तोवर एनेकोच्या पायांची बोटं काळी पडायला लागली होती. काचेतून त्याला बघून ती बाहेर आली, दुआर्तेला तिनं मिठीत घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. "माझ्या लेकराला तू वाचवलंस," असं ती म्हणत होती. मारेट शेजारीच उभी होती. तिच्याकडे इत्झियारनं नुसती मान हलवली.

नंतर दुआर्ते मारेटला कोपऱ्यात म्हणाला, "मी सांगतो तिला. परत धावत गेलीस ती तू. मी तर रांगेत उभा होतो."

"आत्ता नको. तिला धरायला कुणीतरी हवंय, आणि तिच्याशी बोलता तुला येतं."

"माझ्याच्यानं नाही होत गं हे."

"होईल तसं कर."

इकडे ब्रनोत लागण पसरू नये म्हणून आमच्या अख्ख्या मजल्याला रांगेत उभं करून गोळ्या दिल्या. कुणी विनोद केला नाही. एनेकोचं दार बंद होतं. त्याचे धुतलेले मोजे दारापुढच्या तारेवर तसेच होते, आणि ते काढावेत की नाही हे कुणालाच ठरवता येईना.

तो वाचला. दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, डाव्या हाताची बोटंही गेली. ख्रिसमसच्या सुमारास त्याला मायदेशी नेलं. दुआर्ते सत्र अर्धवट टाकून ब्रागाला गेला. मारेट राहिली, परीक्षा दिल्या, पास झाली. शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसायची. आम्ही बसची वेळ टळेपर्यंत चहा पीत बसायचो.

ऑगस्टमध्ये ती बेर्मेओला गेली. एनेको चाकाच्या खुर्चीत, घराच्या बंदराकडच्या गॅलरीत. चेहरा भरला होता, डोळे खोल गेले होते.

"आई म्हणते, तुम्ही सकाळीच डॉक्टर बोलावला असता तर पाय राहिले असते. डॉक्टर म्हणतात, तू अजून थोड्या उशिरा आली असतीस तर मी गेलो असतो. आता तुझ्यावर राग कशाचा धरू, तेवढं सांग."

"कशाचाही धर."

"धरतो. रोज धरतो." तो खाली बोटींकडे बघत राहिला. "थांब म्हणालो नाही मी. तेही आठवतं."

जेवायला इत्झियारनं टोमॅटोच्या रश्श्यातला मासा केला होता. परत कोण धावलं ते दुआर्तेनं पत्रात कळवल्यापासून तिला सगळं ठाऊक होतं, पण तिनं तो विषय काढला नाही. मारेटच्या ताटात तिनं मोठा तुकडा वाढला. मग समोर बसून तिनं काहीतरी विचारलं.

एनेकोनं चमचा खाली ठेवून मारेटला सांगितलं. "ती विचारतेय, त्या सकाळी मला सोडून निघताना दारातून मागे वळून पाहिलंस का?"

"नाही," मारेट म्हणाली.

त्यानं ते आईला सांगितलं. इत्झियारनं मान डोलावली, उठून आत गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. जेवण अजून ताटातच होतं.

मारेट दुसऱ्या सकाळी निघाली. एनेको आता बिल्बाओत कृत्रिम पायांवर चालायला शिकतो, पडतो, शिव्या घालतो. कधी तिला फोन करतो, कधी महिनोन्‌महिने करत नाही. इत्झियारनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.