पत्रपेटी ते पत्रपेटी, पाच पूर्णांक चार

मर्व्हिन टकवेलने हे अंतर तीनदा मोजलं होतं. एकदा कागदी नकाशावर फूटपट्टीने, एकदा संगणकावर, आणि तिसऱ्यांदा पुन्हा कागदावर, कारण संगणकावर त्याचा पुरता विश्वास नव्हता. प्रेस्टनमधल्या स्वतःच्या पत्रपेटीपासून थॉमसटाउनमधल्या लॉईड गॅदरकोलच्या पत्रपेटीपर्यंत सरळ रेषेत पाच पूर्णांक चार किलोमीटर. मेलबर्नमध्ये कोविडच्या त्या ऑगस्टात माणसाला घरापासून पाचच्या पलीकडे जायची मुभा नव्हती. चारशे मीटरने लॉईड हद्दीबाहेर गेला होता.

"अरे, मागच्या कुंपणापासून मोज की," लॉईड फोनवर म्हणाला होता. "माझी शेड तर अंगणाच्या तुझ्याकडच्या टोकाला आहे. तीस मीटर तिथेच वाचले."

"मग राहिले तीनशे सत्तर."

"ते कोण बघतंय?"

"मी," मर्व्ह म्हणाला.

यात फुशारकी नव्हती. मर्व्ह खरोखरच बघत असे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये अडतीस वर्षं तारा जोडलेला हा माणूस. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं कोणी विचारलं की "लाइन बिझी होती" म्हणून मोकळा व्हायचा. लॉईड जन्माचा प्लंबर. अंदाजाने पाइप कापायचा, आणि तो नेमका बसायचाही. हेच मर्व्हला एकतीस वर्षं सहन होत नव्हतं. तरीही एकतीस वर्षं दर गुरुवारी तो लॉईडच्या शेडमध्ये हजर असे. तिथल्या बारा फुटी टेबलावर दोघं बोटभर उंचीच्या शिशाच्या सैनिकांच्या लढाया लढायचे, आणि खेळ संपला की लॉईडची बायको आयरीन ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे आणि मटण घेऊन हाक मारायची. गुरुवारी आयरीनच्या टेबलावर तीन ताटं असायची, ही मर्व्हच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट जी त्याने कधी मोजली नव्हती.

सध्या त्यांच्या युद्धखेळाच्या क्लबात न्यू गिनीच्या जंगलातली एक मोहीम चालू होती. रिज म्हणजे डोंगरांच्या धारा, नद्या, गावं सगळी काल्पनिक. पाऊस मात्र खरा, म्हणजे फाशावर रोज टाकला जाणारा. मोहिमेतल्या रेडिओचे नियम मर्व्हकडे होते. ते लिहायला त्याने दोन वर्षं घेतली. पाठीवर वाहायचा संच किती वजनाचा, बॅटरी दमट हवेत किती तास टिकते, झाडावर एरियल टांगायला किती वेळ लागतो. जुन्या तुकड्यांच्या रोजनिशा, सिग्नलवाल्यांची पत्रं, लिलावात घेतलेला एक गंजका संच, सगळ्याची टिपणं चार फायलींत. त्याचा निष्कर्ष असा, की माहितीपत्रकात संचाचा पल्ला आठ मैल लिहिला असेल तर ओल्या जंगलात दोन धरायचा, आणि मध्ये डोंगर असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

"सहा पडला तर लागला, नाहीतर नाही लागला. झाला नियम!" असं लॉईडचं मत होतं. "दोन वर्षं कसली घालवतोस, लेका?"

"आणि सहाच का? पाच का नाही?"

"कारण फाशाला सहा बाजू आहेत, मर्व्ह!"

लॉकडाउनमध्ये मोहीम ईमेलवर गेली. पंच होती नोलीन पॅस्को, निवृत्त ग्रंथपाल. शाळेतल्या दोन पिढ्यांना गप्प बसवून आता ती अकरा म्हाताऱ्यांना गप्प बसवत होती. मर्व्ह आणि लॉईड एकाच बाजूचे. मर्व्ह तळावरचा ब्रिगेडियर, लॉईड पुढच्या रिजवरचा बटालियनवाला. एकमेकांना निरोप द्यायचा तो रेडिओवरून, म्हणजे नोलीनमार्फत, बारा शब्दांच्या आत; आणि तो पोचतो की नाही हे ती मर्व्हच्याच कोष्टकावर फासे टाकून ठरवणार.

भांडण झालं ते क्लबच्या झूम-बैठकीत. विषय होता नवे निर्बंध. लॉईड म्हणाला की सुपरमार्केटात चाळीस माणसांच्या गर्दीत चॉप घेऊन आलो ते चालतं, पण एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये खिडक्या उघड्या टाकून बसलं तर आकाश कोसळतं. ही अक्कल कोणाची? मर्व्ह म्हणाला, अक्कल कोणाची का असेना, जो तो स्वतःपुरता चारशे मीटरची सूट घ्यायला लागला तर रेषा उरतच नाही. मग नको ते केलं. दंडाचा आकडा वाचून दाखवला. सोळाशे बावन्न डॉलर.



"बरोबर आहे," लॉईड म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "तू आयरीनच्या वेळीसुद्धा डोकी मोजलीस आणि निघून गेलास. तुझं बरोबरच असतं, मर्व्ह." आणि पडद्यावरची त्याची चौकट काळी झाली.

आयरीन एप्रिलात, ईस्टरनंतरच्या आठवड्यात गेली होती. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती. मर्व्ह दारापर्यंत गेला, आतली डोकी मोजली, दहा भरली. आपण अकरावे, म्हणून तो मागे फिरला आणि पाऊण तास गाडीत बसून राहिला, टाय न सोडता. जूनमध्ये निर्बंध सैल झाले तेव्हा चार गुरुवार मिळाले. त्यावर दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. लढाया मात्र नेहमीपेक्षा जास्त लांबल्या.

झूमनंतर लॉईडने फोन उचलणं बंद केलं. मर्व्हने सहा दिवसांत नऊ फोन केले. दोन ईमेल पाठवली, त्यातलं एक माफीचं होतं, पण त्याला निर्बंधांच्या मूळ आदेशाची प्रत जोडलेली असल्यामुळे त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. एकच गोष्ट लॉईड अजून उघडत होता: नोलीनची खेळातली पत्रं. मर्व्हवर कितीही राग असो, त्यापायी आपली बटालियन जंगलात मरू देणाऱ्यांतला तो नव्हता.

मग मर्व्हने रेडिओ वापरला. बारा शब्द तोलूनमापून लिहिले. नोलीनचं उत्तर आलं: *संपर्क नाही. मध्ये डोंगर, पाऊस.* दुसऱ्या दिवशी पुन्हा. *संपर्क नाही. बॅटरी ओली.* तिसऱ्या दिवशी त्याने तिला फोनच लावला.

"नोलीन, एवढा एक निरोप तू त्याला सांग ना. तोंडी."

"मी पंच आहे, पोस्टमन नाही."

"अगं, पण तीन दिवसांत एकदाही लागत नाही!"

"चार फायली मी लिहिल्या का, मेल्या?" नोलीन म्हणाली. "दोन वर्षं सगळ्यांची डोकी खाल्लीस की नियम म्हणजे नियम. आता तुझ्या नियमाने तुलाच लाइन मिळत नाही तर मला का ओरडतोस? त्याच्या नियमाने एव्हाना सहा पडला असता." मग जरा थांबून म्हणाली, "वाच. तुझ्याच टिपणांत काहीतरी असेल. त्या लोकांनी शेवटी काहीतरी केलंच असेल ना?"

मर्व्ह वाचायला बसला. आणि तिसऱ्या फायलीत, एका अनाम सिग्नलवाल्याच्या पत्राच्या नकलेत, ते होतं. आधी ते त्याने वाचलं होतं, खाली पेन्सिलीची रेघही होती. पण रेघ एरियलच्या लांबीखाली मारलेली. पुढचं वाक्य असं: *तळाचा संच पोचेना, आमचाही पोचेना, म्हणून मधल्या टेकाडावर दोन माणसं तिसरा संच घेऊन बसवली. ती तळाला ऐकतात आणि आम्हालाही.*

मर्व्हने कंपास काढला, खेळाच्या नकाशावर मधलं टेकाड शोधायला. तळाभोवती एक वर्तुळ, लॉईडच्या रिजभोवती दुसरं. दोन्ही जिथे एकमेकांवर चढली तिथे टेकाड होतंच. मग त्याची नजर शेजारी पडलेल्या मेलबर्नच्या नकाशावर गेली. त्यावर आठवडाभर एकच वर्तुळ होतं, त्याच्या घराचं, आणि लॉईड त्या वर्तुळाच्या बाहेर होता.

लॉईडचंही एक वर्तुळ असणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने ते काढलं. दोन्ही वर्तुळांच्या बरोबर मध्ये, रेझर्वॉयर या उपनगरातलं एडवर्ड्स तळं. त्याच्याकडून दोन पूर्णांक सात, लॉईडकडून दोन पूर्णांक नऊ. आदेशाची प्रत हाताशीच होती. परिच्छेद त्याला पाठ होता. दिवसाला एक तास व्यायाम, घराबाहेरच्या एका व्यक्तीसोबत चालेल. एका व्यक्तीसोबत! पल्ला एकाच बाजूने मोजायची ही चूक क्लबातल्या नवख्या खेळाडूला त्याने स्वतः दहादा दाखवून दिली असती.

मधल्या टेकाडावर ठाणं उभारायला खेळाचे दोन दिवस गेले. बुधवारी त्याने निरोप पाठवला, मोजून बारा शब्दांचा: *गुरुवारी अकराला एडवर्ड्स तळ्यावर ये. तुझ्याही वर्तुळात, माझ्याही. मोजणीत चुकलो मीच. मर्व्ह.*

"हा लष्करी निरोप आहे?" नोलीनने विचारलं.

"ब्रिगेडियर काय बोलतो ते ब्रिगेडियरचं."

संध्याकाळी तिचं पत्र आलं. *निरोप पोचला. उत्तर आलेलं नाही.*

गुरुवारी सकाळी मर्व्ह सायकलवरून निघाला. जायला-यायला चोवीस मिनिटं धरली तर हाती छत्तीस उरत होती. तळ्यावर गार वारा होता, वॅटलची झाडं पिवळीधमक फुलली होती, आणि काळे हंस माणसांना कंटाळल्यासारखे लांब जाऊन बसले होते. अकरा वाजले. अकरा वाजून चार. मर्व्ह एकाच जागी उभा राहू शकत नव्हता, कारण तो व्यायाम झाला नसता, म्हणून तो बाकाभोवती फेऱ्या घालत होता. सात मिनिटं झाली. लॉईड जन्मात कुठे उशिरा पोचला नव्हता; पाइप असो की माणूस, वेळेवर. नवव्या मिनिटाला मर्व्हने सायकलचं कुलूप काढलं, आणि परत लावलं.

मग वळणावरून काहीतरी आलं. तीन चाकं, पुढे वेताची मोठी टोपली, टोपलीला प्लास्टिकची डेझीची फुलं. आयरीनची बाजाराची तीनचाकी. त्यावर सहा फुटांचा प्लंबर, गुडघे जवळजवळ मास्कला टेकलेले.

मर्व्हला हसू आलं. त्याने ते मास्कमध्ये दाबायचा प्रयत्न केला, पण त्याचे खांदेच हलायला लागले.

"हस," लॉईड म्हणाला. "मोठ्याने हस. माझ्या गुडघ्याला गाडीचा क्लच झेपत नाही आणि चालणं तर नाहीच. डॉक्टर म्हणाला सायकल मार. घरात सायकल ही एकच."

"नऊ मिनिटं उशीर झाला तुला."

"चढ आहे तिकडे. तुझ्या नकाशावर चढ आहेत का?"

ते चालू लागले, दीड मीटरचं अंतर राखून. एकजण पायी, दुसरा तीनचाकीवर. पहिली पाच मिनिटं लॉईडने निर्बंधांना शिव्या घातल्या. पुढली पाच मिनिटं मर्व्हने त्यातल्या तीन शिव्या वाजवी असल्याचं मान्य केलं, आणि चार नाही. मॅगपाय पक्ष्याने एकदा लॉईडच्या टोपीवर झडप घातली, तेव्हा दोघांनीही त्याला शिव्या दिल्या. त्या बाबतीत एकमत होतं.

"चुकलो म्हणालास," लॉईड शेवटी म्हणाला. "कशात चुकलास?"

"वर्तुळात. एकच काढलं."

"बस? तेवढंच?"

मर्व्ह थोडं चालला. "एप्रिलात मी दारापाशी होतो. दहा भरले होते, लॉईड. तुझी पोरं, नातवंडं. माझ्यासाठी त्यातल्या कोणाला उठावं लागलं असतं. ते मला नको होतं."

लॉईडने पेडल थांबवलं. "कोण कोण मोजलंस?"

"तू. तिन्ही मुलं, त्यांचे दोन जोडीदार, तीन नातवंडं. आणि दाराशी काळ्या सुटातला एक उंच माणूस. आयरीनचा भाऊ असावा."

"आयरीनचा भाऊ पर्थला आहे. राज्याची सीमा बंद. येणार कुठून?" लॉईडचा आवाज आता साधा राहिला नव्हता. "तो अंत्यविधीवाल्यांचा माणूस, मर्व्ह. प्रार्थनागीतांचे कागद वाटायला उभा होता. ते लोक धरायचे नसतात. नियमातच लिहिलंय, तुझ्या लाडक्या नियमात. दहावा तू होतास. मी खुर्ची ठेवली होती, माझ्या शेजारी. पूर्णवेळ रिकामी होती."

मर्व्ह जागच्या जागी थांबला. अडतीस वर्षं तारा मोजलेला माणूस, आणि त्याला नऊ माणसं मोजता आली नव्हती. चष्म्यावर वाफ धरली; ती मास्कमुळे धरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

लॉईड त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तीनचाकीची घंटा वाजवली.

"चाल," तो म्हणाला. "उभं राहणं व्यायामात धरत नाहीत."

मर्व्ह चालू लागला. तळ्याची उरलेली अर्धी फेरी दोघं काही बोलले नाहीत, आणि ती शांतता जूनमधल्या शांततेसारखी नव्हती. निघताना लॉईडने टोपलीतून चांदीच्या कागदातलं एक पुडकं काढलं, बाकावर ठेवलं आणि दीड मीटर मागे सरकला. आयरीनचे बटाटे, म्हणजे तिच्या पद्धतीचे. एका बाजूने करपले होते. पुढच्या गुरुवारी बहुतेक दोन्ही बाजूंनी करपतील, असं लॉईड म्हणाला. मर्व्हने पुडकं जाकिटाच्या आत घातलं आणि पोटाशी ऊब धरून सायकल मारत घरी गेला. एक तास तीन मिनिटं झाली होती. ती त्याने कुठे नोंदवली नाहीत.

शुक्रवारी दुपारी नोलीनचं पत्र आलं. *पुढच्या रिजवरून निरोप. बुधवारी संध्याकाळी पाठवलेला. मधल्या ठाण्याची बॅटरी ओली झाल्याने दोन दिवस अडकला. कोष्टक तीन, तुझंच.* खाली लॉईडचे शब्द होते:

*येतो. उशीर करू नकोस. आयरीनची तीनचाकी घेतोय, हसलास तर परत जाईन. बटाटे आणतोय.*

मर्व्हने शब्द मोजले. तेरा. मर्यादेपेक्षा एक जास्त. खरं म्हणजे नोलीनने तो निरोप पुढे सोडायलाच नको होता; पंचाच्या लक्षात आलं नसेल असं मानायला ती बाई काल पंच झालेली नव्हती. त्याने चष्मा पुसला, पुन्हा मोजले. तेराच.

मग त्याने पुन्हा एकदा वाचलं. तो हसला होता, आणि लॉईड परत गेला नव्हता.

त्याने नोलीनला लिहिलं: *निरोप मिळाला. बारा शब्द. सगळं नियमात.*