टोलेमामांनी मान वर केली

बॉक्सिंगच्या रिंगपासून हातभर अंतरावर टोलेमामा एकोणतीस वर्षं बसत आले होते, आणि एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही ठोसा पाहिला नव्हता. हे त्यांचं गुपित. हॉलमधली मुलं त्यांना घेरून विचारायची, "मामा, एवढे सामने तुमच्या डोळ्यांदेखत झाले. बघतच राहावं असा बॉक्सर कोण हो?" मामा हनुवटी खाजवत सांगायचे, "एक डावखुरा होता. काय त्याची पावलं!" मुलं खूश. डावखुरा होता हे खरंच, पण मामांनी त्याची पावलं फक्त ऐकली होती.

कारण मामांचं काम वेळ राखण्याचं. एरवी घड्याळं दुरुस्त करायची आणि सामन्याच्या दिवशी टेबलावर पितळी घंटा, लाकडी ठोकळा आणि स्टॉपवॉच मांडून बसायचं. राउंड तीन मिनिटांचा. शेवटचे दहा सेकंद उरले की ठोकळ्यावर हातोडी मारायची, टक टक टक, म्हणजे खेळणाऱ्याला कळतं की आता थोडंच उरलं. तीन मिनिटं भरली की घंटा. नजर सगळा वेळ काट्यावर. मान वर केली की काटा पुढे पळालाच म्हणून समजा.

आज अंतिम सामना होता आणि निळ्या कोपऱ्यात त्यांची सख्खी भाची. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. जिंकली तर देशाच्या संघाच्या शिबिरात जागा, हरली तर वर्षभर थांबा. मामांनी सकाळीच जाऊन सांगितलं होतं, "आज घंटा दुसऱ्याकडे द्या. माझी भाची आहे." तर समोरच्या पोरीचे मिशाळ कोचच आडवे आले. "बसा हो तुम्ही! घंटेवर तुम्ही असलात तर मला घोर नाही." मामांची छाती फुगली. नको तेव्हा फुगली, पण फुगली.

सामन्याआधी हातांना पट्ट्या गुंडाळलेली चिमणी टेबलाशी आली. मामांचं गुपित घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

"मामा, आज तरी बघशील ना मला?"

"घड्याळ बघेन."

"बघ बाबा घड्याळ. पण तुझा ठोकळा वाजला की माझ्या अंगात काय संचारतं, ते एकदा तरी बघायला हवं होतंस. अख्खा हॉल उठून उभा राहतो!"

"जा, हेल्मेट घाल," मामा म्हणाले. पण ते बोलणं त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पहिला राउंड मामांनी नेहमीप्रमाणे कानांनी पाहिला. तुरुतुरु पळणारी पावलं चिमणीची, लांब ढांगा टाकणारी समोरच्या उंच पोरीची. ठोसे मात्र उंच पोरीचेच जास्त वाजत होते. दुसऱ्या राउंडलाही तेच. विश्रांतीत चिमणीचे कोच तिच्या कानाशी ओरडले ते मामांनाही ऐकू आलं. "दोन्ही राउंड गेले! आता गुणांचा नाद सोड. पाडलीस तरच शिबिर!"

तिसरा राउंड. मामांचा जीव टांगणीला, नजर काट्यावर. पावलं जवळ आली, दूर गेली, दोर करकरले. दोन मिनिटं पन्नास सेकंद. मामांनी हातोडी उचलली. टक टक टक!

आणि हॉल पेटला! खुर्च्या सरकल्या, शिट्ट्या वाजल्या, तिसऱ्या रांगेतून मामांची बहीण, जी लेकीच्या सामन्यात कायम डोळ्यांवर पदर धरून बसायची, तीच किंचाळली, "मार गं, मार!" मामांनी मान वर केली.

आई शप्पथ, काय ती पोरगी! उंच पोरीचा लांब हात येतोय आणि चिमणी त्याच्या खालून निसटून पलीकडे उभी. डावा, डावा, पोटात उजवा! मागे सरकली, समोरची फसून पुढे आली, ही पुन्हा आत! घामाचे थेंब दिव्यात उडत होते. मामा अर्धे उठले होते, तोंड उघडं, अंगावर काटा. चिमणीनं डावा खांदा खाली टाकला, अंग फिरवलं आणि खालून असा हुक काढला की उंच पोरगी धपकन बसली.

मामांची नजर खाली गेली. तीन मिनिटं अकरा सेकंद.

त्यांनी घाईघाईनं घंटा वाजवली. रेफरीनं दहा मोजले, चिमणीचा हात वर केला. छत उडेल एवढा गजर झाला. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. घड्याळ एकट्या मामांकडे होतं. मिशाळ कोच आपल्या पोरीला धरून उठवत मामांकडे पाहून कसनुसे हसले. "नशीब आमचं. जरा आधी वाजली असती तर वाचलो असतो."

मामांनी स्टॉपवॉच मुठीत घेतलं. ते उठले, रेफरीपाशी गेले. "ठोसा वेळेनंतरचा आहे. घंटा अकरा सेकंद उशिरा वाजली. चूक माझी."

मग गुण मोजले गेले आणि उंच पोरीचा हात वर झाला. बहिणीनं मामांकडे पाहिलंसुद्धा नाही.

चिमणी टेबलाशी आली. डोळे लाल, नाक वाहतंय. "एकोणतीस वर्षांत कधी चुकला नाहीस. आजच वर बघायचं होतं? आधी जिंकवलंस आणि मग हरवलंस!"

ती बराच वेळ दातांनी पट्टीची गाठ सोडत राहिली.

"कशी दिसत होते?" तिनं खाली बघतच विचारलं.

मामा खुर्ची मागे ढकलून उभे राहिले. "डावा खांदा असा खाली टाकलास..." साठीचे मामा टेबलामागे पावलं नाचवू लागले. "आणि मग अशी फिरलीस!"

"पाय चुकला तुझा," ती म्हणाली. रडत होती, आणि हसतही होती.

त्या दिवशी मामांनी घंटा कायमची परत केली. मुलं अजून विचारतात, बघतच राहावं असा बॉक्सर कोण? आता मामा हनुवटी खाजवत नाहीत.

"माझी भाची," ते सांगतात. "एकवीस सेकंद पाहिलंय मी तिला. त्यातले अकरा तिला फार महागात पडले."