मोकळी धाप

सामान हलवणाऱ्या कंपनीत आमच्या ह्यांची अख्खी जवानी गेली. छातीच्या दुखण्यानंतर त्यांना परत कामावर घ्यायचं की नाही, हे कंपनीच्या डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या. बाईंना इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जाते, एवढंच माझं भांडवल.

पण दम किती लागला ते बाई थेट ह्यांच्याच तोंडून ऐकणार, म्हणून आठवडाभर ह्यांच्याकडून शब्द घोकून घेतले. साधा दम लागला तर ‘आउट ऑफ ब्रेथ’. जीभ बाहेर यायची वेळ आली तर ‘पँटिंग’. ‘गॅस्पिंग’ चुकूनही म्हणायचं नाही, ते जीव कासावीस झालेल्यांसाठी. आणि ‘शॉर्ट ऑफ ब्रेथ’ हा तर आजाराचा शब्द. तो तोंडातून निघाला की बसा कायमचे घरी.

“त्यापेक्षा बरा आहे म्हणतो की,” हे म्हणाले.

“ते तर तापात फणफणतानाही म्हणत होतात!”

तपासणीला वाळूनं भरलेलं खोकं घेऊन जिना चढायचा होता. हे वर पोचले आणि गप्प. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, चेहरा लालबुंद. बाईंनी विचारलं, कसं वाटतंय? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, हात फोनकडे गेला.

एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांच्या धंद्यात गिऱ्हाइकासमोर धाप टाकायची नसते. गिऱ्हाईक हाय खातं, आता कपाट पडलंच म्हणून. सामान टेकेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. आणि खोकं खाली ठेवा असं ह्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

“अहो, ठेवा ते खाली!” मी ओरडले. “ह्या गिऱ्हाईक नाहीत. टाका धापा!”

खोकं टेकलं आणि भाता सुरू झाला. बाई नाडी धरून उभ्या राहिल्या. भाता मंदावत गेला.

“आउट ऑफ ब्रेथ,” हे म्हणाले. “बस, एवढंच.”

बाई हसल्या. छाती तपासली, म्हणाल्या, सोमवारपासून या. मला हुश्श झालं.

बाहेर आल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. “घरीसुद्धा जिना चढून आलात की असेच ओठ मिटून उभे राहायचात ना?”

“तू घाबरशील म्हणून.”

“मी रात्ररात्र तुमचा श्वास ऐकत जागी राहायचे, ते कशानं मग?”



त्या दिवशी घरचा जिना हे तोंड उघडं टाकून चढले, खुशाल धापा टाकत. शेजारीण डोकावून बघायला लागली. मी पुढे होऊन कुलूप काढलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला त्यांची काळजी वाटली नाही.