पहिला घोट

“मावशी, तेवढा पहिला घोट तुम्ही घ्या,” नवा कारकून हसत म्हणाला.

कॉफीमावशीही हसली. पाणीपुरवठा कचेरीत कॉफी करायला लागून तिला बावीस वर्षं झाली होती. किटली उतरवली की थोडी कॉफी आपल्या पत्र्याच्या मगात ओतायची, चाखायची आणि मगच बाहेर आणायची, हा तिचा नेम. पण ते आत, ओट्यापाशी.

“चाखूनच आणलीय रे बाबा.”

“इथे घ्या ना. आमच्यासमोर.”

तेव्हा कुठे तिला उमगलं. डोंगराकडच्या लोकांनी शहराच्या टाकीत विष कालवलं, अशी आवई आठवड्यापूर्वी उठली होती. पाणी तपासलं याच कचेरीने, आणि ‘काही आढळले नाही’ हा कागदही इथूनच गेला. तरी मावशी डोंगराकडची ती डोंगराकडचीच, आणि कॉफीही तिच्या माहेरच्या मळ्यातली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. या शहाण्यांनी न पोळताच फुंकायला घेतलं होतं.

किटली एकच, पण प्रत्येक टेबलाला निराळा घोट हवा होता. दहा टेबलं झाली. अकरावं मोठ्या बाबूंचं. त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा चार महिने मावशीने आपल्या घरून त्यांना डबा आणला होता. ते तिला ताई म्हणत, ती त्यांना भाऊ. भाऊ तरी असं करणार नाहीत, या आशेवर तिने त्यांचा कप भरून गुपचूप पुढे ठेवला.

भाऊंनी कपाकडे पाहिलं, मग आजूबाजूला.

“माझं काही नाही गं ताई. पण सगळे बघतायत.”

तिने मगात ओतलं आणि प्यायली. एकता सप्ताहासाठी साहेबांनी बोलावलेला फोटोग्राफर दारातच उभा होता.

“झकास. मावशी, परत एक घोट. आणि जरा हसा.”

ती हसली. भाऊंचा कप तसाच गार झाला.

पंधरा दिवसांत कॉफीचं मशीन आलं आणि मावशीकडे ते पुसायचं काम आलं. मशीनच्या दारावर तिचाच फोटो होता, पत्र्याचा मग ओठाला लावलेला. खाली ठळक अक्षरं: ‘माणसं अनेक, चव एक.’ रोज सकाळी ती ओल्या फडक्याने स्वतःचं तोंड पुसायची. तिला फार अपमान वाटायचा, पण घरी हे कुणाला सांगितलं नाही.

एका दुपारी भाऊ मशीनपाशी आले. कप भरला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“पाणचट आहे गं. तुझ्या हातची चव नाही याला.”

मावशीने फडकं पिळलं.

“भाऊ, आधी मी पिऊन बघायला हवं होतं का?”

भाऊ कप घेऊन टेबलाकडे गेले. फोटोवर कॉफीचा एक ओघळ आला होता, हनुवटीपाशी. तो तिने पुसला.