मामांचं पोट आणि रुसलेली गढी

ऑपरेशन उत्तम झालं, असं सगळे म्हणत होते. मामांच्या आतड्याला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. ते संपावर गेलं होतं. डॉक्टरांनी सकाळी स्पष्टच सांगितलं, "वारा सरला की चहा. संध्याकाळच्या राउंडपर्यंत नाही सरला, तर नाकातून नळी घालावी लागेल."

तेव्हापासून अख्ख्या वॉर्डाचं लक्ष मामांच्या पोटाकडे लागलं होतं. मामा म्हणजे इमारती तपासणारे निवृत्त अधिकारी. ज्यांच्या नुसत्या 'हं' म्हणण्यानं बिल्डर उभी भिंत पाडून पुन्हा बांधत, त्यांना आता फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा जाता-येता विचारत होत्या, "झालं का काही?" शेजारच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक गलेलठ्ठ बेकरीवाला होता. त्याला सगळे हर्निया म्हणत आणि मामांना आतडं. दवाखान्यात नाव-हुद्दा बाहेर चपलांपाशी राहतो, आत फक्त बिघडलेला भाग येतो.

दुपारी भाची आली. "मामाला काहीतरी वाचून दाखव, डोकं गुंतलं की पोट सुटतं," असं बजावून मामींनी तिला पाठवलं होतं. मामांनी बांधकामाचं मासिक मागवलं होतं, ते भाची घरी टेबलावरच विसरली. पिशवीत निघाली तिची स्वतःची कादंबरी. मुखपृष्ठावर एक राजपुत्र घोड्यावर उलटा बसलेला.

"हे काय आणलंस?"

"वीरकथा आहे, मामा. राजपुत्र अर्धविजयी. ह्यानं प्रत्येक लढाई अर्धी जिंकलीय."

"अर्धी म्हणजे?"

"जेवणाच्या सुट्टीपर्यंतची."

हर्निया फिस्सकन हसला आणि लगेच टाके धरून कळवळला. "आई गं! अगं पोरी, मला हसायला बंदी आहे."

मामा हसले नाहीत. खऱ्या भिंती पडायच्या थांबल्या की मग खोट्या बांधा, असं त्यांचं कादंबऱ्यांबद्दल एकंदर मत होतं. पण छताकडे बघत नळीची वाट पाहण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी वाचायला परवानगी दिली.

भाची वाचू लागली. अर्धविजयी मोहिमेवरून परत येतो, तर त्याची गढी जागेवर नाही. राणीसाहेब मोकळ्या माळावर पलंगावर बसून दासीला दार लावून घ्यायला सांगताहेत. पहारेकरी मुजरा करून म्हणतो, "महाराज, खजिना आहे, तोफा आहेत. गढी तेवढी रुसून माहेरी गेली."

"थांब," मामा म्हणाले. "गढीला माहेर कुठलं?"

"ज्या डोंगराच्या दगडाची बांधली, तो डोंगर."

मामांनी ते मनातल्या मनात तपासून पाहिलं. उत्तर साफ चुकीचं होतं, पण त्यात चूक सापडेना. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

पुढे अर्धविजयी गढीची समजूत काढायला निघतो. त्याच्या तलवारीला रक्त बघून चक्कर येते, म्हणून तिचे डोळे बांधलेले. सोबत एक ड्रॅगन. आग ओकणं हा त्याचा पराक्रम नव्हे, पित्त आहे.

"आमच्या मेहुण्यासारखं," हर्निया पोटाशी उशी दाबून म्हणाला. "बास कर गं पोरी, टाके उसवतील. मग काय झालं?"

"गढीचा पाया गेला की राहिला?" मामांनी विचारलं.

"राहिला, मामा."

"राहणारच. पाया सासरचा."

हे मामा अगदी गंभीरपणे बोलले. हर्नियानं उशीत तोंड खुपसलं. त्याची खाट हलायला लागली.

"आणि रुसली कशावरून?"

"राजपुत्राला वाटतंय, बुरुजांना रंग दिला नाही म्हणून."

"मूर्ख आहे तुझा राजपुत्र! गढीभोवती खंदक आहे ना? पाणी आहे ना त्यात?" मामा कोपरावर उठू लागले. "मग ओल! दुसरं काय असणार?"

नोकरीभर मामांनी प्रत्येक अहवालाच्या शेवटी 'ओल' लिहिलं होतं आणि प्रत्येक साहेबानं त्याखाली 'पाहू' लिहिलं होतं.

"मामा, पुढचं फोडायचं नाही हं!"

"मी वाचलंय कुठे? मला दिसतंय ते! उलट पान."

भाचीनं पान उलटलं. डोंगर दारात आडवा उभा होता. जावयाला आत घ्यायला तयार नव्हता. "इतक्या पिढ्या आमची पोर पाण्यात पाय घालून उभी आहे," तो गरजला. "तुमच्या घरातल्या एकानं तरी विचारलं का, की बाई, मोजे हवेत का?" तेवढ्यात मागून गढी शिंकली. शिंकेसरशी तिच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आत झोपलेला स्वयंपाकी अंगणात येऊन पडला.

"ओल!" मामा ओरडले. "बघ! ओलच!"

जन्मभर एकाही साहेबानं ऐकलं नाही, आणि आज एका डोंगरानं ऐकलं. मामांना आधी घशात हसू आलं. मग छातीत. ते तिथेच थांबवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण मोजे घातलेली गढी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हसू पोटात उतरलं. "अगं आई... मोजे..." करत ते गदगदायला लागले, तशा सिस्टर धावत आल्या.

"काका, उशी धरा पोटाशी! हसायचं तर उशी धरून हसा!"

मामांनी उशी धरली. आणि मग तो आवाज आला. आधी शेजारच्या घरात कुणी जड कपाट सरकवावं तसा. नंतर ते कपाट जिन्यावरून सुटावं तसा.

मामांचे कान लाल झाले. सिस्टरनी घड्याळात बघून शांतपणे वेळ टिपून घेतली. पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेल्या एकानं खाटेच्या दांडीवर चमचा वाजवायला सुरुवात केली, आणि बघता बघता वॉर्डभर टाळ्या पडल्या. मावशी फडकं खांद्यावर टाकून म्हणाल्या, "सुटलो गं बाई!" जणू अडकलं होतं ते त्यांचंच.

राउंडला डॉक्टर आले. "काय, गॅस पास झाला?"

"पहिल्या वर्गात!" हर्निया म्हणाला.

डॉक्टरांनी मामांचं पोट तपासलं, नळी रद्द केली आणि चहा लिहून दिला, चमच्यानं. मग हर्नियाचे टाके बघून कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यांना कुणी हसवलं?"

सगळ्यांनी पुस्तकाकडे बोट केलं. डॉक्टरांनी दोन ओळी वाचल्या, खोकल्यासारखं काहीतरी केलं, पुस्तक परत दिलं आणि दोन खाटांच्या मधला पडदा ओढून घ्यायला सांगून घाईघाईनं बाहेर पडले.

चहा आला. ज्याच्यासाठी जीव नुसता टांगणीला लागला होता, तो पहिला चमचा मामांनी तोंडात घेतला. भाचीनं पुस्तक उघडलं, तसा मामांनी जोरात हात वर केला. थांब. आधी गिळू दे. त्यांनी चहा जपून गिळला, ओठ पुसले, कप दूर सरकवला आणि उशी पोटाशी घेतली.

"हं. आता वाच."

"जरा मोठ्यानं गं, पोरी," पडद्यामागून आवाज आला.