उष्टी वही

"गो चंपे, ही कुणाची उष्टी वही घेतलंस?" भिकाजीने बाकावरची वही उचलून सगळ्यांना दाखवली. "पयल्याच पानावर माज्या शाईचा डाग हाय बघ!"

नववीचा वर्ग खदखदून हसला. चंपाने वही हिसकावून घेतली. 

योजना तिचीच होती. परीक्षा संपली की मुले वह्या रद्दीत घालतात आणि मागची कोरी पानेही त्यांबरोबर जातात, हे तिने मराठीच्या बाईंपुढे मांडले होते. "मग तुम्ही मुलांनीच चालवा," बाई म्हणाल्या होत्या, "मी फक्त कपाटाची किल्ली देईन." चंपा आणि तिची मैत्रीण मैना जुन्या वह्या गोळा करत सुट्टीभर हातखंब्याच्या आसपासच्या वाड्या हिंडल्या. लिहिलेला कागद रद्दीवाल्याला दिला, त्यातून दोरा आणला, कोरी पाने दाभणाने टोचून शिवली. शाळा उघडल्यावर गरजू मुलांची नावे काढून त्यांना त्या वह्या वाटल्या. त्या गरजूंत चंपाही होती.

भिकाजीचा शब्द मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर झाला. शाळा सुटली तेव्हा कपाटापाशी वह्यांचा ढीग होता. घेणाऱ्यांनी त्या गुपचूप आणून ठेवल्या होत्या.

घरी तिचे वडील जानू पडवीत बसले होते. गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर ते मुंबईहून गावी आले, त्याला आता दुसरा पावसाळा लागला होता. नाक्यावरच्या हॉटेलातून मागून आणलेली वर्तमानपत्रे ते पत्र्याच्या ट्रंकेत नीट घडी घालून ठेवत आणि संपाची बातमी पुन्हा पुन्हा वाचत. आजही ट्रंक उघडी होती. चंपाने झालेले सांगितले.

"परत दे ती वही," ते म्हणाले.

"बाबा, पण पानं कोरी हायत."

"असूदेत कोरी. माजी आय खोताच्या दारात टोपली घेऊन उभी रवायची. भात काय वायट नसायचा गो. पन दुसऱ्याच्या ताटातला. आमी दीक्षा घेतली त्या साली तिनं ती टोपली चुलीत घातलान. आन् तू तीच टोपली घेऊन शाळंत जातंस?"

चंपा खांबाला टेकून उभी राहिली. बाबांचे खोटे नव्हते. पण तिचेही खोटे नव्हते.

"मंग काय करू? एवढा कागद जाळू?"

"त्ये मना काय ठावं." जानूंनी ट्रंकेचे झाकण लावले. "देनारे येगळे आन् घेनारे येगळे, तितं लोक उष्टंच म्हननार, बाय."

ते वाक्य चंपाच्या डोक्यातून गेले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने कपाट उघडले, एक वही घेतली आणि तिची शिवण उसवायला सुरुवात केली.

"येडी झालंस?" मैना ओरडली. "बोटं सोलली माजी ह्या शिवताना!"

"पुन्यांदा शिवू."

आवाज ऐकून बाई आल्या. "चंपा, हे काय चाललंय?"

"बाई, गरजूंची नावं काढायची नाहीत. जो पानं देईल त्यानं वही घ्यायची. सगळ्यांनी. सगळी पानं एकत्र करून." तिने उसवलेला दोरा ओढून काढला. "तुम्ही पण."

 बाईंनी पर्समधून आपली जुनी टाचणवही काढली आणि मागची पाने सोडवू लागल्या. "गणिताच्या सरांनाही सांगते," त्या म्हणाल्या. "ते कुरकुर करतील, पण देतील."

जुनी, नवी, एकरेघी, दुरेघी अशी सगळी पाने पत्त्यांसारखी पिसली गेली. वह्या पुन्हा उभ्या राहिल्या. पुठ्ठे मात्र उसवताना फाटले होते. त्यामुळे त्या उघड्याच राहिल्या.

वाटपाच्या दिवशी सरांनी वही घेतली, बाईंनी घेतली. भिकाजी खिशात हात घालून दाराशी उभा.

"माज्या बापाचं नाक्यावर दुकान हाय. कोऱ्या वह्यांचे गठ्ठे पडलेत. मना कशाला?"

"तू पानं दिलंस ना?" चंपाने ढीग त्याच्यापुढे सरकवला. "वही नको, तर तुजी पानं निवडून घरी घेऊन जा. बस खाली."

या खेपेला वर्ग हसला तो भिकाजीला. त्याने मुकाट्याने वरची वही उचलली आणि चाळली. मध्येच त्याचा हात थांबला. एका पानाला हिरव्या पेन्सिलीचा समास आखलेला होता. वर्गात हिरवा समास एकच मुलगी आखत असे.

"ही तुजी रेघ."

"होय. माजं उष्टं."

भिकाजीचे कान लाल झाले. तो बाकावर जाऊन बसला, पेनाचे टोपण काढले आणि वहीवर आपले नाव घातले.

संध्याकाळी जानूंनी सगळे ऐकून घेतले.

"दुकानवाल्याच्या पोरानं घेतलान?"

"घेतलान."

"आन् बाईंनी?"

"त्यांनी पण. नुसती कव्हरं नायत, बाबा. पावसात पानं भिजतील."

 जानूंनी ट्रंक उघडली आणि वर्तमानपत्रांचा सगळा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

"बाबा, ह्यात तर संपाच्या बातम्या..."

"वाचून झाल्यात."

त्यांनी वरचा कागद जमिनीवर पसरला, चंपाची वही त्यावर ठेवली आणि नखाने दाबत कडा दुमडल्या. कव्हर चढले तेव्हा वर गिरणीच्या धुरांड्याचे चित्र आले. त्यातून धूर निघत नव्हता. जानूंनी तिच्याकडून पेन मागून घेतले आणि धुरांड्यावरच्या मोकळ्या आभाळात, एकेक अक्षर कोरत, मुलीचे नाव लिहिले.