अजून वाजलं नाही

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. चावीचा, वाटीएवढा, एकेकाळी लालभडक. माझं डोकं उजवीकडे पिळलं की पोटातली स्प्रिंग आवळते आणि मला कामाची घाई सुटते. वेळ भरेपर्यंत टिकटिक करायची आणि वेळ भरली की ठणाणा, एवढंच मला येतं. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही, आणि दुसरं कुणी स्वस्थ बसलेलंही मला बघवत नाही. या स्वभावापायी मी एका घराचा जीव कसा टांगणीला लावला, ते तुम्हाला सांगतो.

कारखान्यातून निघालो तो थेट एका पार्लरमध्ये पोचलो. पार्लरवाल्या मावशी बायकांच्या केसांना रंग लावायच्या आणि मला पस्तीस मिनिटांवर ठेवायच्या. एकदाच त्या फोनवर रमल्या आणि मी वाजतोय याकडे त्यांनी कानाडोळा केला. त्या दिवशी एक बाई जांभळे केस घेऊन, रडत घरी गेल्या. तेव्हापासून मावशी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या की माझा टायमर कधी चुकत नाही. मी फुगून जायचो. पुढे हे काम मोबाइल करू लागला आणि मी चिमट्यांच्या खणात जाऊन पडलो. तीन वर्षं एकदाही वाजलो नाही. माझ्यासारख्याला ती शिक्षाच होती.

मग एक दिवस मावशींनी मला खणातून काढलं आणि धाकट्या बहिणीच्या हातात दिलं. या बहिणीला पावणेतीन वर्षांची मुलगी होती. ती चालताना कधी दिसायचीच नाही, नुसती गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिची आई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होती. तिची रजा संपत आली होती आणि एक तारखेनंतर जागा राखून ठेवणार नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. भिंगरीचे बाबा लांब पल्ल्याच्या गाडीवर, आठवड्यातून एकदा घरी. आजोबांचे गुडघे दुखायचे, तिच्यामागे दिवसभर धावणं त्यांच्याने होत नव्हतं. उरलं पाळणाघर. पण तिथल्या ताई डायपरातलं मूल घेत नसत. मुलाने आपणहून सांगायला हवं, ही त्यांची अट. म्हणजे आईची नोकरी भिंगरीच्या चड्डीवर येऊन ठेपली होती, आणि हातात होते बारा दिवस.

मावशींचा सल्ला सोपा होता. दर वीस मिनिटांनी हा वाजवायचा आणि पोरीला पॉटीवर बसवायचं. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पहिल्या दिवशी सतरंजी दोनदा धुवावी लागली आणि आजोबांची एक चप्पल कामातून गेली. दुसऱ्या दिवशी भिंगरीला मी आवडू लागलो. मी वाजलो की ती हातातली बाहुली टाकून निळ्या पॉटीकडे धूम ठोकायची. चौथ्या दिवसापासून फरशी कोरडी. आईने फोनवर मावशींना सांगितलं की तुझ्या टायमरने कमाल केली. मी पुन्हा फुगलो. कामात थोडा खंड पडला की मला चैन पडेना; कधी एकदा कुणी पिळतंय असं व्हायचं.

आठव्या दिवशी, गुरुवारी, भिंगरीला पाळणाघरात चाचणी म्हणून अर्धा दिवस ठेवलं. दुपारी आई परतली ती चेहरा पाडून. तिने आजोबांना सांगितलं तेव्हा मलाही सगळं कळलं. भिंगरी खेळली नाही, खाऊ खाल्ला नाही, पाय आवळून दाराजवळच्या कोपऱ्यात उभी राहिली. ताईंनी तीनदा विचारलं, तिने मान हलवली. चौथ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "अजून वाजलं नाही." तेवढ्यात कुणीतरी दाराची बेल दाबली आणि तिने तिथेच, दारातल्या पायपुसण्यावर, सगळं मोकळं केलं. ताई रागावल्या नाहीत. टायमर सोबत देऊ का, असं आईने विचारलं. पण तो वाजला तर माझी बाराही मुलं उठून पळतील, असं त्या म्हणाल्या. सोमवारी एकदा शेवटचं बघू, इतकंच त्यांनी कबूल केलं.

आईचा धीर सुटला. शुक्रवारी ती मला दर दहा मिनिटांनी पिळू लागली. मी वाजत सुटलो. दुपारपर्यंत भिंगरी माझा आवाज ऐकून पडद्यामागे लपू लागली, पॉटी दिसली की भोकाड पसरू लागली. शेवटी आजोबा गुडघ्यांवर हात ठेवत उठले आणि त्यांनी मला उचललं.

"पोरगी याचं ऐकायला शिकली," ते म्हणाले. "तिच्या पोटाचं ऐकायला कुणी शिकवलंच नाही तिला."

"बाबा, सोमवारीही असंच झालं तर माझी जागा गेली."

"मग फरशी मी पुसतो. पण हा आता वाजायचा नाही."

त्यांनी मला कपाटात स्वेटरांच्या ढिगात ठेवून दार लावलं. मला खूप राग आला. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. फडकं पिळल्याचा आवाज शनिवारी पाच वेळा आला. वाजण्यासाठी माझा जीव तळमळत होता आणि पिळायला कुणी नव्हतं. रविवारी सकाळी पुन्हा दोनदा फडकं. मग कपाट उघडलं. आई होती. आजोबांना न कळता तिने मला वीसवर पिळलं आणि ती मला घेऊन वळणार, एवढ्यात आतल्या खोलीतून ओरडण्याचा आवाज आला.

"आई, शू! आत्ता!"

आईने मला स्वेटरांवर टाकलं आणि ती धावली. मी तसाच टिकटिकत राहिलो. मला पाण्याचा आवाज ऐकू आला, आजोबांचं हसू ऐकू आलं, आई रडतेय तेही ऐकू आलं. वीस मिनिटं भरल्यावर मी सवयीने जीव तोडून वाजलो. दुडदुड पावलं आली. भिंगरीने कपाटात डोकं घातलं आणि मला दोन्ही हातांत धरून समजावलं, "तू उशिरा वाजलास. माझी झाली पण."

आयुष्यात मी कधी चुकलो नव्हतो, मित्रांनो. त्या दिवशी चुकलो, आणि इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

सोमवारी तिने ताईंना दोनदा आपणहून सांगितलं. एकदा थोडा उशीर झाला, पण ताईंनी तो पोटात घातला. एक तारखेला आई कामावर गेली.

मी अजून स्वेटरांतच आहे. स्वभाव काही गेलेला नाही. घर शांत झालं की वाजावंसं वाटतंच. पण तुमच्या घरी एखादं धाकटं भावंड शिकत असेल, तर त्याला दर दोन मिनिटांनी विचारून भंडावून सोडू नका. एखाददुसरी सतरंजी भिजली तर धुऊन टाका. आतून हाक येते, पण ती फार बारीक असते, आणि आपण सारखे वाजत राहिलो तर ती त्याला कधीच ऐकू येणार नाही.